हिशेबाची फाईल उघडत नाही तेव्हा : निदान, पुनर्रचना आणि पडताळणी

हिशेबाची वही भिजली, फाटली किंवा वाळवीने खाल्ली, तर तिचे नुकसान डोळ्यांना दिसते. किती पाने गेली आणि कोणती अद्याप वाचता येतात, हे वही हाती घेताच कळते. संगणकावरील हिशेबाची गोष्ट निराळी आहे. काल संध्याकाळपर्यंत सुरळीत चाललेले सॉफ्टवेअर आज सकाळी फाईल उघडण्यास नकार देते, पडद्यावर एक त्रोटक सूचना उमटते, आणि वर्षभराचा हिशेब शाबूत आहे की गेला, हेच समजेनासे होते. अशा वेळी घाईने केलेला उपाय पुष्कळदा मूळ बिघाडापेक्षा अधिक हानी करतो. ‘फाईल उघडत नाही’ आणि ‘हिशेब नष्ट झाला’ ही दोन विधाने एक नव्हेत. त्यांच्यातील अंतर कसे ओळखावे आणि फाईल उघडल्यानंतर ती खरी आहे हे कसे ठरवावे, ह्याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

१. प्रश्नाचे क्षेत्र

गोरेगाव हे गोंदिया जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. धान हे ह्या जिल्ह्याचे मुख्य पीक असून त्यावर चालणाऱ्या गिरण्या हा येथील प्रमुख उद्योग आहे. अशा गिरणीचा हिशेब दोन अंगांनी चालतो. एक अंग पैशाचे, म्हणजे भरडाईची मजुरी, वाहतूक, बारदाना, वीजबिल आणि बँकेतील व्यवहार ह्यांचे. दुसरे अंग वजनाचे. शासकीय खरेदीतील धान भरडाईसाठी गिरणीत येते, परंतु ते गिरणीमालकाच्या मालकीचे नसते. एक क्विंटल धानामागे ६७ किलो कच्चा तांदूळ परत करणे हे सर्वसाधारण प्रमाण आहे. म्हणजे ५०० क्विंटल धान उचलणाऱ्यावर ३३५ क्विंटल तांदळाचे देणे असते. ह्या देण्याची रोजची नोंद ज्या फाईलीत आहे ती बंद पडली, तर अडचण कारकुनापुरती राहत नाही. गिरणीमालक, खरेदी करणारी संस्था आणि शासन ह्यांच्यातील परस्पर देण्याघेण्याचा एक पुरावाच तेवढ्या काळापुरता मुका होतो.

भारतातील लहान व मध्यम पेढ्यांत ‘टॅली’ हे सॉफ्टवेअर विशेष रूढ आहे. श्यामसुंदर गोयंका व भरत गोयंका ह्यांनी १९८६ साली स्थापन केलेल्या संस्थेची ही निर्मिती. सॉफ्टवेअरच्या परिभाषेत ‘कंपनी’ म्हणजे कायद्याने नोंदलेली कंपनी नव्हे, तर एका पेढीच्या हिशेबाचा संपूर्ण संच. एकट्या मालकाची गिरणीही तेथे ‘कंपनी’च असते. पुढील विवेचनात हा शब्द ह्याच अर्थाने योजला आहे.

२. कीर्द, खतावणी आणि फाईल

जुन्या पद्धतीत व्यवहाराची नोंद टप्प्याटप्प्याने होत असे. प्रथम काटापावती किंवा व्हाउचर, त्यावरून दिवसाच्या क्रमाने कीर्द, आणि कीर्दीवरून खातेवार खतावणी. ह्या रचनेत एक सुप्त सुरक्षितता होती. खतावणी हरवली तरी कीर्दीवरून ती पुन्हा लिहिता येई, आणि कीर्द गेली तर पावत्यांवरून ती पुन्हा उभी करता येई. मात्र उलट दिशेने जाणे कठीण. खतावणीतील अखेरच्या शिलकेवरून वर्षभराचे व्यवहार सांगता येत नाहीत.

संगणकीय साठ्यातही सामान्यतः हाच भेद आढळतो. त्यातील काही माहिती मूळ स्वरूपाची असते, उदाहरणार्थ व्हाउचर, खात्यांची नावे आणि मालाची नोंद. काही माहिती साधित स्वरूपाची असते, जसे नोंदी शीघ्र सापडाव्यात म्हणून ठेवलेल्या अनुक्रमणिका आणि तयार बेरजा. दोहोंपैकी कशातही विसंगती आढळली, तरी सॉफ्टवेअर फाईल उघडण्याचे नाकारू शकते. पण परिणाम भिन्न होतात. साधित भाग बिघडला असेल तर तो मूळ भागावरून पुन्हा घडविता येतो. मूळ भागच गेला असेल तर कोणतेही दुरुस्तीचे साधन तो निर्माण करू शकत नाही. दुरुस्तीचे साधन उरलेल्याची मांडणी करते, गेलेले परत आणीत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. वापरणारा जिला ‘एक फाईल’ म्हणतो, ती बहुधा एकच फाईल नसते. टॅलीत प्रत्येक कंपनीसाठी पाच-सहा अंकी क्रमांकाचे एक फोल्डर असते आणि त्यात परस्परांवर अवलंबून असलेल्या अनेक फाईली असतात. अमेरिकेत प्रचलित असलेल्या ‘क्विकबुक्स’च्या संगणकावर बसविलेल्या आवृत्तीत मुख्य फाईलीच्या जोडीला दोन उपफाईली असतात. एकीत जाळ्यावरून जोडणी करण्याची माहिती असते, तर दुसरीत बॅकअपनंतरच्या व्यवहारांची क्रमवार नोंद राहते. म्हणून हिशेब दुसऱ्या संगणकावर नेताना त्यांपैकी एकच फाईल उचलणे म्हणजे खतावणीची बांधणी उसवून मधलीच पाने नेण्यासारखे होय.

३. न उघडण्याची पाच स्थाने

बिघाडाचे स्थान बाहेरून आत असे पाच थरांत पाहता येते.

पहिला थर पत्त्याचा. सॉफ्टवेअर ज्या जागी फाईल शोधते तेथे ती नसते. हिशेब बाहेरच्या डिस्कवर असेल आणि संगणकाने त्या डिस्कला आज निराळे अक्षर दिले असेल, किंवा कोणी फोल्डर दुसरीकडे हलविले असेल, तर कंपनी यादीतून नाहीशी झाल्यासारखी दिसते. येथे हिशेबाला काहीही झालेले नसते.

दुसरा थर मार्गाचा. हिशेब एका संगणकावर आणि काम करणारे दुसऱ्या संगणकावर अशी व्यवस्था असेल, तर मुख्य संगणक बंद असणे, जाळे तुटणे किंवा सुरक्षा-सॉफ्टवेअरने मार्ग अडविणे ही कारणे संभवतात. मुख्य संगणकावर फाईल उघडते आणि इतरत्र उघडत नाही, एवढ्या एका कसोटीवर हा थर निश्चित करता येतो.

तिसरा थर अधिकाराचा. फाईल जागेवर आहे, पण ती वाचण्याची किंवा तीत लिहिण्याची परवानगी त्या वापरकर्त्यास नाही. सांकेतिक कुलूपही ह्याच थरात मोडते. टॅलीतील ‘टॅली व्हॉल्ट’ हा पासवर्ड लावला असता कंपनीचे नाव यादीत ताऱ्यांच्या चिन्हांनी झाकले जाते. तो पासवर्ड विसरल्यास हिशेब शाबूत असूनही हाती लागत नाही. ह्या प्रकाराला बिघाड म्हणणे चुकीचे असले, तरी हानी मात्र पूर्ण असते.

चौथा थर आवृत्तीचा. नव्या आवृत्तीत रूपांतरित केलेला हिशेब जुन्या आवृत्तीस वाचता येत नाही. टॅलीप्राइमच्या तिसऱ्या प्रकाशनात हिशेब नेल्यावर तो मागील प्रकाशनात उघडत नाही, हे ह्याचे परिचित उदाहरण. पेढीतील एक संगणक अद्ययावत केला आणि दुसरा तसाच ठेवला, तर दुसऱ्यावरचा नकार अटळ आहे.

पाचवा थर प्रत्यक्ष नाशाचा. लेखन चालू असताना वीज जाणे, संगणक सक्तीने बंद करणे, डिस्क भरणे किंवा झिजणे, पेन-ड्राइव्ह घाईने उपसणे, अथवा खंडणीखोर आज्ञावलीने फाईली कुलूपबंद करणे ही येथील कारणे होत. एखाद्या फाईलीचा आकार शून्य झालेला दिसणे, किंवा ती एकाएकी पूर्वीपेक्षा फार लहान होणे, हे ह्या थराचे गंभीर लक्षण समजावे.

पहिल्या चार थरांत हिशेब अबाधित असतो. केवळ पाचव्यात तो धोक्यात असतो. असे असूनही व्यवहारात प्रथम हात जातो तो दुरुस्तीच्या साधनाकडे, म्हणजे पाचव्या थराच्या उपायाकडे. हीच मोठी चूक होय.

४. निदानाचा क्रम

सर्वप्रथम सर्व संगणकांवरील काम थांबवावे आणि संपूर्ण फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. बिघडलेल्या फाईलीची प्रत कशासाठी, असा प्रश्न येथे संभवतो. त्याचे उत्तर असे की दुरुस्तीचे साधन मूळ साठ्यावरच पुन्हा लिहिते. त्याचा प्रयोग फसला तर ज्या स्थितीतून प्रयोग सुरू केला ती स्थितीच उरत नाही. डिस्कमधून अनोळखी आवाज येत असेल किंवा प्रत घेताना ती अडखळत असेल, तर तिच्यावर दुरुस्ती मुळीच चालवू नये. तेथे प्रत घेणे हेच एकमेव काम असते.

त्यानंतर पत्ता, मार्ग, अधिकार व आवृत्ती ह्या क्रमाने तपास करावा. ह्यात एक साधी कसोटी फार उपयोगी पडते. त्याच सॉफ्टवेअरमध्ये दुसरी एखादी कंपनी उघडून पाहावी. ती उघडली तर दोष सॉफ्टवेअरचा नसून त्या विशिष्ट साठ्याचा आहे. तीही उघडली नाही तर दोष सॉफ्टवेअरचा किंवा संगणकाचा आहे. पुढे साठ्याची प्रत दुसऱ्या निरोगी संगणकावर, त्याच आवृत्तीत उघडून पाहावी. ह्या दोन कसोट्यांनी दोषाचे स्थान बहुतांशी निश्चित होते.

दोष साठ्यातच असल्याचे ठरल्यावर दोन मार्ग उरतात : दुरुस्ती किंवा बॅकअपची पुनःस्थापना. दुरुस्ती प्रतीवर करावी, मूळ साठ्यावर नव्हे. पुनःस्थापनाही निराळ्या फोल्डरमध्ये करावी. कारण त्याच क्रमांकाच्या कंपनीवर जुना बॅकअप उतरविल्यास अलीकडील, कदाचित अंशतः वाचता येण्याजोगा, साठा पुसला जातो. बॅकअप शनिवारचा आणि बिघाड बुधवारचा असेल, तर मधल्या दिवसांची कीर्द पावत्यांवरून पुन्हा लिहावी लागते. कागदी पावत्या जपण्याचे महत्त्व येथे प्रत्ययास येते.

५. फाईल उघडली, पण हिशेब खरा आहे काय?

दुरुस्तीनंतर फाईल उघडली की काम संपले, असा समज सार्वत्रिक आहे. तेरीज जुळते हे पाहून त्याची खात्रीही करून घेतली जाते. परंतु ही खात्री भ्रामक आहे. द्विनोंदी पद्धतीत प्रत्येक व्हाउचर स्वतःपुरते संतुलित असते, नावे आणि जमा दोन्ही बाजूंना रक्कम सारखीच. म्हणून दुरुस्तीत एखादे व्हाउचर संपूर्णच गळले तर दोन्ही बाजू सारख्याच घटतात आणि तेरीज पूर्ववत जुळते. अर्धवट नोंद तेरजेत पकडली जाते, पण पूर्ण अदृश्य झालेली नोंद पकडली जात नाही.

व्हाउचरांच्या क्रमांकांवरही निःशंक विसंबता येत नाही. स्वयंचलित क्रमांकनात गळलेली जागा पुढील क्रमांकांनी भरून काढण्याची पद्धत निवडलेली असल्यास मालिका अखंड दिसते आणि उणीव झाकली जाते. म्हणून पडताळणी फाईलीबाहेरच्या पुराव्याशी करावी लागते. बँकेचे विवरण, दाखल केलेली जीएसटी विवरणपत्रे, ई-वे बिले, काटापावत्या आणि खरेदी केंद्राची नोंद हे ते पुरावे होत. पूर्वीच्या गिरणीचेच उदाहरण घेतले आणि १०० क्विंटल धानाच्या आवकेची एक नोंद गळाली असे मानले, तर फाईलीप्रमाणे देय तांदूळ ३३५ ऐवजी २६८ क्विंटल दिसेल. पैशाच्या तेरजेत त्याचा मागमूसही नसेल. परंतु खरेदी करणाऱ्या संस्थेच्या नोंदीशी ताडून पाहताच ६७ क्विंटलांचा फरक समोर येईल. वजनाचा हिशेब येथे पैशाच्या हिशेबाचा साक्षीदार ठरतो.

६. बॅकअप आणि कायदा

हिशेब जतन करणे हे केवळ सोयीचे काम नाही. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ नुसार नोंदणीकृत व्यापाऱ्यास आपले हिशेब संबंधित वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय दिनांकापासून ७२ महिन्यांपर्यंत जपावे लागतात. नोंदणीकृत कंपन्यांसाठी २०१३ च्या कंपनी कायद्याने ही मर्यादा आठ आर्थिक वर्षांची ठेविली आहे. ऑगस्ट २०२२ मधील नियमदुरुस्तीने संगणकीय हिशेबांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवणे त्यांना आवश्यक केले. एकट्या मालकाच्या गिरणीस हा दुसरा नियम लागू नाही, तरी त्यामागील तत्त्व तिलाही हितकर आहे. बॅकअप त्याच संगणकावर ठेवणे म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवणे. त्याची एक प्रत तरी दुसऱ्या इमारतीत असावी, आणि महिन्यातून एकदा ती निराळ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडून पाहिलेला बॅकअप ही केवळ आशा असते.

हिशेब दूरच्या सर्व्हरवर ठेवल्याने प्रश्न सुटतो, असेही मानता येत नाही. २९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास मान्यता दिली. त्या व्यवस्थेत सर्व संस्थांसाठी एक सामाईक प्रणाली योजिली आहे. अशा व्यवस्थेत फाईल बिघडण्याचा धोका गावातील संगणकापुरता कमी होतो, परंतु जोडणी व सेवा ह्यांवरील अवलंबन वाढते. क्विकबुक्सने २०२३ साली भारतातील आपली सेवा बंद केली, तेव्हा मुदतीत हिशेब उतरवून घेणे ही प्रत्येक ग्राहकाची जबाबदारी ठरली. तेथे फाईल बिघडली नव्हती, तिला ठेवणारे घरच बंद होत होते.

तात्पर्य, फाईल उघडणे आणि हिशेब शाबूत असणे ह्या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. न उघडणाऱ्या फाईलीत हिशेब पूर्ण असू शकतो आणि सहज उघडलेल्या फाईलीत तो उणा असू शकतो. पहिल्या शक्यतेसाठी प्रत व धीर लागतो, दुसरीसाठी बाहेरचा पुरावा. कीर्द आणि पावती स्वतंत्रपणे जपणाऱ्या जुन्या कारकुनास हे सूत्र ठाऊक होते. साधन बदलले म्हणून ते सूत्र बदललेले नाही.