विश्लेषण : 'मायग्रंट मदर' फोटो जगभर गाजला, पण त्या आईला काय मिळालं?

कपाळावर आठ्या, गालापाशी टेकलेला हात, मांडीवर तान्हं बाळ आणि दोन्ही खांद्यांआड तोंड लपवून बिलगलेली दोन मुलं. अमेरिकेतील महामंदी म्हटलं की आजही हाच फोटो आठवतो. त्यामागची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

फोटो कुठे काढला?
मार्च १९३६. कॅलिफोर्नियातील निपोमो इथे थंडीने मटाराचं पीक गेलं आणि शेंगा तोडायला आलेले मजूर कामाविना अडकले. सरकारी योजनेसाठी फोटो काढणाऱ्या डोरोथिया लँग यांना तिथे एका तंबूत ३२ वर्षांची आई मुलांसह दिसली. लँग यांनी तिचं नाव विचारलं नाही.

मदत कुणाला मिळाली?
'सॅन फ्रान्सिस्को न्यूज'मध्ये बातमी येताच सरकारने छावणीत सुमारे २० हजार पौंड, म्हणजे नऊ टन अन्न पाठवलं. तोपर्यंत हे कुटुंब कामाच्या शोधात पुढे निघून गेलं होतं.

आईचा आक्षेप काय होता?
ती आई कोण, हे जगाला थेट १९७८मध्ये कळलं. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन, मूळच्या चेरोकी. हा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं, असं त्यांनी सांगितलं. त्यातून त्यांना एक पैसाही मिळाला नव्हता. लँग यांनी लिहिलं होतं, की कुटुंबाने अन्नासाठी गाडीचे टायर विकले. कुटुंबाने ते साफ नाकारलं. सरकारी कामातला असल्याने हा फोटो कुणीही मोफत वापरू शकतं. लँग यांनाही त्याची रॉयल्टी मिळाली नाही.

मुलांचं मत कशामुळे बदललं?
१९८३मध्ये थॉम्पसन गंभीर आजारी पडल्या. उपचारांचा खर्च झेपेना, तेव्हा मुलांनी लोकांना मदतीचं आवाहन केलं. त्याच फोटोच्या ओळखीवर ३५ हजार डॉलरहून अधिक रक्कम जमली. सोबत आलेली पत्रं वाचून, आपल्या आईचा चेहरा किती जणांना आधार देत होता, हे मुलांना पहिल्यांदाच उमगलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये थॉम्पसन यांचं निधन झालं.

मग यातून काय घ्यायचं?
आज प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे. पुलाखाली राहणाऱ्या मायलेकरांचा फोटो एका क्षणात हजारो जणांपर्यंत जातो. तो टिपण्याआधी त्यांना विचारणं, त्यांची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकणं आणि मदत नेमकी त्यांच्यापर्यंत पोहोचते का, हे पाहणं एवढं तरी आपण करू शकतो. थॉम्पसन यांच्या वाट्याला ४७ वर्षं यातलं काहीच आलं नव्हतं.