समुद्राकाठचा पाळणा

नव्वदच्या दशकात मुंबईत शाळेत असलेल्या कुणालाही विचारा, "एस्सेल वर्ल्डला गेला होतात का?" उत्तर बहुतेक वेळा होडीपासूनच सुरू होतं. मालाडकडून मार्वे, नाहीतर बोरिवलीहून गोराईची जेट्टी, तिथून फेरीबोट. दोन-दोनच्या रांगेत उभी केलेली मुलं, पुन्हा पुन्हा डोकी मोजणाऱ्या बाई आणि खाडीचा खारा वारा. उद्यान गाठायच्या आधीच सहलीची मजा सुरू झालेली असे.

गोराईचं हे उद्यान १९८९ मध्ये सुरू झालं. ते उभारणाऱ्या एस्सेल समूहामागे हरियाणातल्या हिसारचं गोयल कुटुंब. याच कुटुंबातल्या सुभाष चंद्रांनी पुढे १९९२ मध्ये झी टीव्ही सुरू केला. देशात तेव्हा अशी उद्यानं फारशी नव्हती. दिल्लीचं अप्पू घर १९८४चं. मुंबईकर मुलांची हौस तोवर चौपाटीवरचे पाळणे, जत्रा आणि सर्कस यांवरच भागायची.

गोराईत मात्र 'झिपर डिपर' नावाचा रोलर कोस्टर होता, उंचावरून खाली आणणारा 'शॉट अँड ड्रॉप' होता, 'मॉन्स्टर्स इन द मिस्ट' हे भुतांचं घर होतं. बर्फावर स्केटिंगची सोयसुद्धा होती. घामाघूम मुंबईत बर्फावर घसरून पडण्याची ती गंमत! १९९८ मध्ये शेजारी वॉटर किंगडम आलं आणि सहलीच्या पिशवीत टॉवेलची भर पडली.

आत चालतं काय?

लहानपणी आपण राइडमध्ये बसून नुसते ओरडतो. ती चालते कशी, हे कळलं की गंमत वाढते.

नेहमीच्या रोलर कोस्टरच्या डब्यांना स्वतःचं इंजिन नसतं. साखळी त्यांना पहिल्या चढावर ओढून नेते आणि सोडून देते. पुढचा प्रवास त्या उंचीच्या जोरावर होतो. चाकांच्या आणि हवेच्या घर्षणात थोडा जोर वाया जातो, म्हणून पुढचे चढ पहिल्यापेक्षा कमी उंच ठेवतात. डॅशिंग कारच्या मागचा उभा दांडा आठवतो? बऱ्याच ठिकाणी तो छतावरच्या जाळीला टेकलेला असतो. जाळीतून वीज येते, मोटार चालवून खालच्या पत्र्यातून परत जाते. गाडीभोवतीच्या जाड रबरामुळे धडक बसली तरी आपण हसत राहतो.

हे सगळं समुद्राकाठी चालवायचं म्हणजे रोजची लढाई. खाऱ्या हवेने लोखंड लवकर गंजतं. सांधे, बोल्ट, साखळ्या सतत तपासाव्या लागतात, रंगाचे हात पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. नीट चालवलेल्या उद्यानात माणसं चढवण्याआधी प्रत्येक राइड रिकामी फिरवून बघतात. गर्दी असो वा नसो, हा खर्च चुकत नाही.

म्हणूनच करोनाचा काळ अशा उद्यानांना फार जड गेला. उन्हाळी सुट्टीचे दोन हंगाम हातचे गेले. एस्सेल वर्ल्ड २०२२ मध्ये कायमचं बंद झालं, वॉटर किंगडम तेवढं चालू राहिलं. अनेक आईबाबांचं "आम्ही गेलो होतो, तुम्हालाही नेऊ" हे वचन तसंच राहून गेलं.

एक पाळणा, तीन पिढ्या

समुद्राकाठच्या सगळ्याच राइड्सचा शेवट असा होत नाही. न्यूयॉर्कमध्ये कोनी आयलंडच्या किनाऱ्यावर 'वंडर व्हील' नावाचा आकाशपाळणा आहे. उंची १५० फूट, सुरुवात १९२० ची. त्याच्या २४ डब्यांपैकी १६ डबे पाळणा फिरताना आतल्या रुळांवरून मागेपुढे घसरतात. बाकीचे ८ नेहमीसारखे जागच्या जागी झुलतात. घाबरट आणि धीट, दोघांचीही सोय!

डेनोस वॉर्डेरिस हे ग्रीसहून आलेले गृहस्थ. तरुणपणी ते गाडीवर हॉट डॉग विकायचे. हा पाळणा एक दिवस तुझ्यासाठी विकत घेईन, असं त्यांनी आपल्या लुलाला सांगितलं होतं. संसार झाला, मुलं मोठी झाली आणि १९८३ मध्ये त्यांनी तो खरंच घेतला. घरच्यांनी मिळून त्याची डागडुजी केली. १९८९ मध्ये, म्हणजे आपलं एस्सेल वर्ल्ड सुरू झालं त्याच वर्षी, न्यूयॉर्क शहराने त्याला जतन करण्याजोग्या वास्तूचा दर्जा दिला.

२०१२ मध्ये सँडी वादळाने समुद्र उद्यानात शिरला. पुढच्या वर्षी पाळणा पुन्हा फिरत होता. २०२० मध्ये शंभरावा वाढदिवस आला, तर करोनाने दारं बंद. तो हंगाम कोरडा गेला, पण २०२१ मध्ये ती उघडली. आज मुलं आणि नातवंडं मिळून कारभार बघतात.

या पाळण्याची एक गोष्ट आपल्याला फार जवळची वाटेल. १३ जुलै १९७७ च्या रात्री न्यूयॉर्कची वीज गेली आणि माणसं वर अडकली. तेव्हा तो हातांनी फिरवून सगळ्यांना खाली उतरवलं.

हातांनी पाळणा फिरवणं आपल्याला नवं नाही. मुंबईच्या चौपाट्यांवर आणि जत्रांमध्ये विजेशिवाय फिरणारे पाळणे आपण पाहिले आहेत. फिरवणारी माणसं सरसर वर चढतात, आडव्या दांड्याला लोंबकळतात आणि आपल्या वजनाने पाळणा खाली ओढतात. बाप पाळणा फिरवतो, आई पैसे घेते, पोरगं गिऱ्हाइकांना हाका मारतं, असं अख्खं घर त्यावर राबताना दिसतं. त्यांच्या पाळण्याला कुठला दर्जा नाही. पुढच्या जत्रेत जागा मिळाली, तरच चार पैसे.

या सुट्टीत मुलांना पाळण्यात जरूर बसवा. आधी समोरचा अडसर नीट लागतो का बघा, गंज चढलेला किंवा खडखडणारा पाळणा असेल तर सरळ नाही म्हणा. उतरल्यावर मात्र पाळणेवाल्याशी दोन मिनिटं बोला. किती वर्षं झाली, रंग कधी दिला, आधी कोण चालवायचं, हे मुलांनाच विचारू द्या. आणि घरी आल्यावर जुना अल्बम काढून गोराईच्या फेरीबोटीतला तुमचा फोटो त्यांना दाखवा.