विश्लेषण : मज्जारज्जूत गाठ दिसली, तरी शस्त्रक्रियेची घाई का नको?

विशी-पंचविशीत ऐकू कमी येऊ लागते. तपासणीत दोन्ही कानांच्या नसांवर गाठी सापडतात आणि पुढे पाठीच्या कण्याच्या एमआरआयमध्ये मज्जारज्जूच्या आतही गाठ दिसते. ‘न्यूरोफायब्रोमॅटोसिस-2’ म्हणजेच एनएफ-2 या आनुवंशिक विकारात असे घडू शकते. घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘ऑपरेशन कधी?’ अनेकदा डॉक्टर सांगतात, ‘आता नको.’

विकार काय आहे?

22व्या गुणसूत्रावरील एक जनुक ‘मर्लिन’ हे प्रथिन तयार करते. पेशींच्या वाढीला ब्रेक लावणे हे त्याचे काम. हा ब्रेक निकामी झाला की नसांच्या आवरणावर, मेंदूच्या वेष्टनात आणि मज्जारज्जूत गाठी होतात. साधारण 25 ते 33 हजार जन्मांमागे एकाला हा विकार असतो. आई किंवा वडिलांकडून तो मुलात येण्याची शक्यता सहसा 50 टक्के. मात्र जवळपास निम्म्या रुग्णांत जनुकातील बदल नव्यानेच झालेला असतो. त्यामुळे ‘आमच्याकडे कोणालाच नाही’ म्हणून निर्धास्त राहता येत नाही. 2022मध्ये विकाराचे नाव ‘एनएफ-2 संबंधित श्वानोमॅटोसिस’ असे झाले. फायलींवर जुनेच नाव अजून चालते.

मग थांबायचे कशासाठी?

मज्जारज्जूच्या आतली गाठ बहुधा ‘एपेन्डिमोमा’ असते. एरवी ती दुर्मीळ. एनएफ-2च्या एक तृतीयांश ते निम्म्या रुग्णांत मात्र एमआरआयवर दिसते, बहुतेकदा मानेच्या भागात. कधी मोत्यांच्या सरासारख्या अनेक. त्यातल्या बहुतांश हळू वाढतात आणि काहीच त्रास देत नाहीत.

मज्जारज्जू जेमतेम करंगळीएवढा जाड. त्याच्या आतून गाठ काढणे म्हणजे चालू केबल सोलून आतली एकच तार सोडवणे. हातांची ताकद किंवा संवेदना जाण्याचा धोका असतो. ज्याचे ऐकणे जात आहे, त्याला खाणाखुणांसाठी, टाइप करण्यासाठी हातच लागणार. हा हिशेब क्वचितच कोणी रुग्णाला समजावून सांगतो.

थांबणे म्हणजे दुर्लक्ष नव्हे. बोटे बधिर होणे, शर्टाची बटणे लावता न येणे, पाय जड पडणे, लघवीवरचा ताबा सुटणे यापैकी काही सुरू झाले, तर लगेच डॉक्टरांना गाठावे. मज्जातंतूंची हानी खूप झाल्यावर शस्त्रक्रिया करून गेलेली ताकद परत येईलच असे नाही. अडचण अशी की, कानाच्या नसेवरील गाठीमुळेही तोल जातो आणि मानेतल्या गाठीकडे संशय वळत नाही. ‘बेव्हॅसिझुमॅब’ हे औषध काही रुग्णांत गाठीभोवतीची सूज आणि साचलेले पाणी कमी करते, पण गाठ नाहीशी करत नाही.

गाठ वाढते आहे का, हे जुना आणि नवा एमआरआय शेजारी ठेवूनच कळते. त्यामुळे केवळ रिपोर्टचा कागद नव्हे, प्रत्येक तपासणीची सीडीही जपून ठेवावी आणि डॉक्टर बदलले तरी सोबत न्यावी.