भागीदार व्हायचं म्हणजे नेमकं काय?

आता बघा, बारामती-इंदापूरकडचा ज्युनिअर वकील सीनियरकडे राबतो. सकाळी फायली, दिवसभर तारखा, संध्याकाळी पक्षकार. वाटपाचे दावे, बांधाचे तंटे, उजनीच्या भूसंपादनाचा मोबदला. तोच मुंबईच्या लॉ फर्ममध्ये गेला, की तासन्‌तासाचा हिशेब द्यावा लागतो. पण भागीदार व्हायला नुसतं राबून भागत नाही, पक्षकार जोडावे लागतात; आणि वकिलाला जाहिरातीची मनाई! वर नफ्याबरोबर जबाबदारीही येते. १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम २५ सांगतं, फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार. म्हणजे वेळ आली तर घर, शेतसुद्धा पणाला. २००८ च्या एलएलपी कायद्यात मात्र दुसऱ्या भागीदाराच्या चुकीचं ओझं आपल्यावर येत नाही. तेव्हा मंडळी, सही करण्याआधी फर्म कुठल्या कायद्याखालची आहे, ते विचारा.