घर दाखवा, माशी सांगतो

दसऱ्याच्या आधी इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेडची झाडलोट निघाली की पत्र्याखालच्या कैच्यांवर, स्विचबोर्डाच्या मागं, खिडकीच्या चौकटीत वाळलेल्या चिखलाचे ढेपसे सापडतात. 'गांधीलमाशीचं घर!' असं ओरडत कुणीतरी झाडूच्या दांड्यानं ते पाडतो. खरं तर ते कुंभारीण माशीचं घर असतं आणि कुंभारीण सहसा माणसाच्या वाटेला जात नाही. बारीक कंबर, काळा-पिवळा रंग, उडताना लोंबणारे पाय, एवढं दिसलं की आपण सगळ्यांना गांधीलमाशी म्हणून मोकळे होतो. रंगावर विसंबण्यात अर्थ नाही. घर कशाचं आहे आणि त्यात पिलांसाठी काय साठवलंय, एवढं पाहिलं तरी निम्मी ओळख पटते.

मधमाशी केसाळ असते आणि पिलांना पराग भरवते. या बारीक कमरेच्या माश्या बहुतेक शिकारी. वाढ पूर्ण झालेली माशी फुलातला रस पिऊन राहते, पण तिच्या अळीला मांस लागतं.

कुंभारणीचंच पाहा. शास्त्रीय नाव स्केलिफ्रॉन. अंग काळं, पायांवर पिवळे पट्टे, कमरेची दांडी लांब. गळक्या नळाखालच्या ओल्या मातीची गोळी ती जबड्यात धरून आणते आणि गुंगुं आवाज करत लिंपत बसते. ढेपसा फोडला तर आत लांबट कप्पे दिसतात. एखाद्या कप्प्यात पाय आखडलेले कोळी कोंबलेले असतात. ते मेलेले नसतात. नांगीच्या विषानं लुळे पडलेले असतात, म्हणून सडत नाहीत. त्यातल्या एका कोळ्यावर कुंभारीण एकच अंडं घालते, तोंड लिंपते आणि निघून जाते. ढेपशाला गोल भोक दिसलं तर बहुधा पिलू मोठं होऊन उडून गेलेलं असतं. मग ते पाडायला कुणाची हरकत नाही. भिंतीवर गळा असलेलं मातीचं छोटं लोटकं दिसलं तर मालकीण वेगळी. तिच्या लोटक्यात कोळी नव्हे, अळ्या भरलेल्या असतात.

जपून राहावं ते कागदी पोळ्यापासून. लाकडाचा भुगा चावून, लाळेत कालवून केलेल्या करड्या कागदाचे हे कप्पे उघडेच लटकतात. इथं एकटी आई नसते, अख्खं कुटुंब असतं आणि ते घर राखतं. दक्षिण भारतात सर्वत्र आढळणाऱ्या रोपॅलिडिया मार्जिनाटा या जातीवर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी कित्येक वर्षं काम केलं. यातली राणी दिसायला कामकऱ्यांसारखीच, वर स्वभावानं थंड. पण तिला पोळ्यावरून उचललं की थोड्याच वेळात एक कामकरी माशी एकदम आक्रमक होते आणि पुढं तीच राणी बनते. वारस कोण, हे माणसाला आधी सांगता येत नाही. आपल्याकडच्या राजकारणात निदान अंदाज तरी लागतो!

अशा पोळ्याला दगड मारणं म्हणजे आपणहून दुखणं ओढवून घेणं. मधमाशीची नांगी आपल्या कातडीत अडकून तुटते, हिची तुटत नाही. त्यामुळे एकच माशी पुन्हा पुन्हा डसते. नर मात्र निरुपद्रवी, त्यांना नांगीच नसते. डसल्यावर श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला, अंगभर गांधी उठल्या, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट दवाखाना गाठावा.

शेडमधून बाहेर पडून उसाच्या फडात गेलं की याच गणातली एक माशी भेटते. ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, नुसत्या डोळ्यांनी ओळखूच येणार नाही. ट्रायकोग्रामा तिचं नाव. लागणीनंतरच्या पहिल्या महिन्यांत खोडकिडीनं पोंगा सुकतो आणि ओढला की अलगद हातात येतो, कुजका वास मारतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. खोडकिडीचा पतंग पानाच्या खालच्या बाजूला पुंजक्यानं अंडी घालतो. ट्रायकोग्रामा स्वतःचं अंडं त्याच अंड्यात घालते, तिची अळी आतला गर खाते आणि बाहेर पडते ती किडीची अळी नव्हे, नवी माशी. हिला घर बांधावंच लागत नाही. ही माशी शेतात सोडण्यासाठी वापरतात त्या ट्रायकोकार्डावरचे काळे ठिपके म्हणजे अशीच व्यापलेली अंडी. पट्ट्या कापून पानांच्या खाली टाचायच्या, उन्हाची वेळ टाळायची, मुंग्यांवर लक्ष ठेवायचं. आणि त्या दिवसांत कीटकनाशक फवारायचं नाही, कारण फवाऱ्यात किडीआधी हीच मरते.