साखरेचें कोठार

संत्राबर्फीचा तुकडा जिभेवर विरघळला म्हणजे आम्हां नागपूरकरांचें काम संपलें. शरीराचें मात्र तेव्हां कोठें सुरू होतें. लहान आंतड्यांत साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन भाग होऊन ते रक्तावाटे प्रथम यकृताकडे जातात. प्रौढ मनुष्याच्या साऱ्या रक्तांत मिळून एका वेळीं सुमारें ५ ग्रॅम, म्हणजे चहाच्या एका चमच्याएवढेंच, ग्लुकोज असतें. मग अधिक आलें तें जावें कोठें? स्वादुपिंडांतून इन्शुलिन नांवाचा रस रक्तांत उतरतो, आणि त्याच्या आज्ञेनें ग्लुकोजचे कण एकमेकांस जोडले जाऊन ग्लायकोजेन तयार होतें. क्लॉद बर्नार या फ्रेंच पंडितानें १८५७ सालीं तें यकृतांतून वेगळें काढिलें. यकृतांत तें सुमारें १०० ग्रॅम मावतें व सर्व स्नायूंत मिळून सुमारें ४०० ग्रॅम.

यकृत मोठें उदार आहे. रात्रीं आपण निजलों असतां तें आपला सांठा मोडून मेंदूसाठीं रक्तांत ग्लुकोज सोडितें. न्याहारीवांचून शाळेंत येणाऱ्या मुलांनीं त्याचे आभार मानावे. स्नायु मात्र कृपण! त्यांचें ग्लायकोजेन ग्लुकोज होऊन रक्तांत परत येत नाहीं. तें त्या त्या स्नायूनेंच धांवून, चढून खपवावें लागतें. दिवसभर बसून राहणाऱ्याचें हें कोठार भरलेलेंच राहतें. मग कांहीं साखरेचा यकृतांत मेद बनतो, व साखर जळत असतां अन्नांतील मेदही न जळतां सांठतो.

"आमचा मुलगा काटकुळा आहे, त्यास गोडाचें भय काय?" असें पालक आम्हांस विचारितात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं याचें उत्तर स्वतःच्या देहावरूनच दिलें. २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकांत त्यांचें व डॉ. जॉन युडकिन यांचें छायाचित्र प्रसिद्ध झालें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें. पण युडकिन यांच्या शरीरांत मेद शेंकडा ९.१, तर याज्ञिकांच्या शरीरांत २१.२! पुण्याजवळील खेड्यांत १९९३ पासून त्यांनीं केलेल्या पाहणींत नवजात अर्भकांचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील अर्भकांशीं ताडून पाहतां तीं स्नायूंनीं फार उणीं होतीं, कातडीखालच्या मेदानें तितकीं नव्हतीं. म्हणजे आपल्याकडील कित्येक काटकुळीं मुलें जन्मतःच लहान कोठार घेऊन येतात.

परंतु स्नायु वापरानें वाढतो, आणि राबणारा स्नायु इन्शुलिनच्या फारशा मदतीवांचूनही रक्तांतील ग्लुकोज ओढून घेतो. अंबाझरीच्या तलावापर्यंत सायकलीनें जाऊन येणाऱ्या मुलाच्या मांड्यांतील सांठा घरीं परतेपर्यंत उतरूं लागलेला असतो. त्या संध्याकाळच्या बर्फीस तेथें जागा मिळते.