एक चासी, तीन नांवें

विश्रामबागेंतील वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आपल्या नित्य दृष्टीस पडतें. परंतु ज्या वालचंद हिराचंद यांचें नांव त्यास मिळालें, त्यांच्या कारखान्यांत ट्रकही बनत, हें पुष्कळ विद्यार्थ्यांस ठाऊक नसेल. त्यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांत, अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीच्या परवान्यानें डॉज, डिसोटो व फार्गो असे ट्रक तयार होऊं लागले.

मौज अशी कीं, हे तिन्ही ट्रक बहुतांशीं एकच! फरक काय तो नाकावरील अक्षरांचा. म्हणूनच जुन्या गाड्यांचे शौकीन प्रथम नाक न्याहाळतात. इंजिन चालकाच्या पुढें असल्यामुळें हें नाक लांब असे. वाटेंत बिघाड झाल्यास बॉनेट उघडून उभ्यानेंच हात घालतां येई. मात्र तितकी जागा मालास उणी पडे, आणि कालांतरानें सपाट तोंडाच्या गाड्यांनीं त्यांस मागें सारलें. मागील लांकडी हौदा बहुधा स्थानिक सुतारच बांधीत.

ऐषारामी मोटारी वरातींत मिरवतात, म्हणून जपल्या जातात. ट्रकाच्या नशिबीं तें कोठून? चालेल तोंवर गूळ-हळद वाहावी, थकल्यावर भंगारांत जावें. त्यांतही डॉजचें दार फार्गोस बसे. त्यामुळें मूळ स्थितींतील गाडी फार दुर्मिळ.

ज्या पालकांच्या घरीं पूर्वीं मालवाहतुकीचा धंदा होता, त्यांनीं जुन्या पेट्या अवश्य उघडून पाहाव्या. नोंदणीपुस्तकांत गाडीचें नांव, चासीचा क्रमांक व निर्मितीचें वर्ष असतें. गाडी केव्हांच तुटली असली तरी तें पुस्तक रद्दींत घालूं नये.